लोड पोचला, पैसे कुठे? अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांची आणि फ्रेट ब्रोकरची भांडणं, सोप्या भाषेत

अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्या किंवा इथे बसून रात्रपाळीत त्यांचं डिस्पॅच (म्हणजे ट्रकला माल शोधून देणं, ड्रायव्हरला मार्गी लावणं) आणि बिलिंग सांभाळणाऱ्या कुणाशीही पाच मिनिटं बोला, विषय फिरून फिरून पैशावरच येतो. माल वेळेत पोचवला, पेपर पाठवले, महिना उलटून गेला आणि आता ब्रोकर फोनच उचलत नाही. किंवा उचलतो आणि गोड आवाजात सांगतो की दोन हजारातले साडेतीनशे कापलेत, का तर म्हणे ट्रॅकिंग बंद होतं. बहुतेक जण "ब्रोकर म्हणजे चोरच" म्हणून मोकळे होतात. काही असतातही, त्यांच्याकडे येऊच पुढे. पण माझं मत विचाराल तर बरीचशी भांडणं चोरीची नसतात, कागदाची असतात, आणि ती ट्रक लोड व्हायच्या आधीच जिंकलेली किंवा हरलेली असतात, फक्त आपल्याला कळतं महिन्याभराने.

आधी कोण कोण आहे ते बघू. ज्याचा माल आहे तो शिपर. ज्याचा ट्रक आहे तो कॅरियर, मग तो हजार ट्रकची कंपनी असो नाहीतर एकच ट्रक असलेला माणूस, कायद्याला दोघं सारखेच. मधला तो ब्रोकर, ज्याच्याकडे ना ट्रक ना गोडाऊन, तो मालाला हात पण लावत नाही, त्याच्याकडे असतो फोन, ओळखी आणि सरकारी लायसन्स. १९८० साली अमेरिकेने ट्रकिंगवरची दर आणि रूटची बंधनं कायद्याने सैल केली, त्यानंतर या मधल्या माणसाचा धंदा खरा फोफावला. जुनं नियामक कमिशन १९९५ च्या शेवटी गुंडाळलं गेलं आणि आज हे खातं बघते एफएमसीएसए नावाची फेडरल एजन्सी. ही एजन्सी ब्रोकरला लायसन्स देते, रद्दही करते, पण तुमचे अडकलेले पैसे वसूल करून देणं हे तिचं काम नाही, आणि नव्या लोकांची पहिली निराशा इथेच होते.

आता एक लोड, म्हणजे मालाची एक खेप घेऊ, आकडे समजण्यापुरते. शिकागोहून डॅलस, साधारण साडेनऊशे मैल. शिपर ब्रोकरला देतो २,४०० डॉलर, ब्रोकर कॅरियरला देतो २,०००, मधले ४०० ब्रोकरचे. कॅरियरने डिझेल आज भरलं, ड्रायव्हरचा पगार या शुक्रवारी, इन्शुरन्सचा हप्ता महिन्याच्या एक तारखेला. ब्रोकर त्याला पैसे देणार बिल मिळाल्यावर ३० दिवसांनी. आणि शिपर ब्रोकरला देणार कधी ४५, कधी ६० दिवसांनी. म्हणजे बघा, या साखळीत सगळ्यात छोटा आणि सगळ्यात कमी भांडवल असलेला माणूस वरच्या दोघांना बिनव्याजी उधार देतोय, आणि त्याला वाटतंय की आपण ट्रकिंग करतोय. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकी सगळं समजायला सोपं जातं, कारण उधारी देणारा माणूस आधी समोरच्याची पत बघतो, आणि ट्रकवाला काय बघतो तर मैलाला रेट किती.

ब्रोकरचीही बाजू आहे, ती सांगायला हवी. चांगला ब्रोकर शिपरने पैसे दिले नसले तरी कॅरियरला ३० दिवसांत देतो, म्हणजे मधली रक्कम तो खिशातून किंवा बँकेच्या कर्जातून भरत असतो. एखादा मोठा शिपर बुडाला किंवा अडवून बसला की छोट्या ब्रोकरचं गणित लगेच कोसळतं. आणि छोटेच कोसळतात असंही नाही. सिएटलची कॉन्व्हॉय नावाची डिजिटल ब्रोकर कंपनी, ॲमेझॉनमधून बाहेर पडलेल्या लोकांनी काढलेली, २०२२ मध्ये तिची किंमत ३.८ अब्ज डॉलर लावली गेली होती आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने गाशा गुंडाळला. तेव्हा ॲप किती भारी आहे यावर पत ठरवू नका.

महिनाभर थांबायची ताकद नसते म्हणून दोन रस्ते निघाले. एक क्विक पे, म्हणजे ब्रोकरच दोन-चार दिवसांत पैसे देतो पण बिलातले काही टक्के कापून. दुसरा फॅक्टरिंग, म्हणजे तुम्ही तुमचं बिल एका फायनान्स कंपनीला विकता, ती तिची फी कापून लगेच पैसे देते आणि महिन्याने ब्रोकरकडून वसूल करते. सोय आहे, पण भांडणाचा नवीन दरवाजाही आहे. फॅक्टरिंग कंपनी ब्रोकरला नोटीस ऑफ असाइनमेंट पाठवते, की या कॅरियरचे पैसे यापुढे आम्हाला द्यायचे. एकदा ती नोटीस मिळाली की ब्रोकरने चुकून कॅरियरला थेट पैसे दिले तरी त्याची सुटका होत नाही, फॅक्टर त्याच्याकडून परत मागू शकतो, हा अमेरिकेतल्या राज्यांच्या व्यापारी कायद्याचा नियमच आहे. म्हणून तुम्ही फॅक्टर बदललात आणि जुन्याकडून रिलीज लेटर, म्हणजे आता आमचा हक्क नाही असं पत्र घेतलं नाही तर ब्रोकर दोघांनाही पैसे देणं थांबवून ठेवतो, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याची काही चूक नसते. अजून एक, फॅक्टरिंग करारात रिकोर्स शब्द असेल तर ब्रोकरने पैसे बुडवले की फॅक्टर ते तुमच्याचकडून परत घेतो. नॉन-रिकोर्स असेल तरी बारीक अक्षरं वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी तो फक्त ब्रोकर दिवाळखोर झाला तरच लागू असतो, ब्रोकर वाद घालत बसला असेल तर नाही.

आता येऊ मुख्य कागदावर, रेट कन्फर्मेशन, ज्याला सगळे रेट कॉन म्हणतात. लोकांना वाटतं हा रेट लिहिलेला मेल आहे. तो करार आहे. आणि त्याच्या मागे अजून एक मोठा करार असतो, ब्रोकर-कॅरियर ॲग्रीमेंट, जो सुरुवातीला सेटअप पॅकेटमध्ये सही करून टाकलेला असतो आणि नंतर कुणी उघडत नाही. दंड, कपाती, कोर्ट कुठल्या राज्यात, बिल किती दिवसांत पाठवायचं, सगळं तिथे असतं. ब्रोकरचा माणूस फोनवर "हो हो, डिटेन्शन देऊ" म्हणाला आणि रेट कॉनवर ते लिहिलेलं नाही, तर नंतर अकाउंट्सवाली बाई तो फोन मानणार नाही, तिच्यापुढे फक्त पीडीएफ असते.

डिटेन्शन म्हणजे गोदामात खोळंबून राहण्याचे पैसे, आणि सगळ्यात जास्त कटकट इथेच. रिवाज असा की पहिले दोन तास फुकट, त्यापुढे तासाला ठरलेला दर. समजा ट्रक सकाळी ८ ला पोचला, अपॉइंटमेंट ८ चीच, आणि सुटला दुपारी ३ ला. सात तास, दोन फुकट, पाच तासांचे पैसे. हिशोब सोपा, पण मिळवणं अवघड, कारण ब्रोकर म्हणतो शिपर मला देत नाही तोवर मी कुठून देऊ, शिपर म्हणतो आमच्या गेटच्या नोंदीत ट्रक ८ वाजून ४० ला आलाय, म्हणजे उशिरा, म्हणजे डिटेन्शन नाही. ड्रायव्हरने बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या त्याच्या तपशिलाच्या कागदावर, इन टाइम आणि आउट टाइम लिहून गोदामवाल्याची सही घेतली नसेल तर तिथेच विषय संपला. बऱ्याच रेट कॉनमध्ये अशीही अट असते की दोन तास संपायच्या आधी मेलवर कळवायचं, नाहीतर काही मिळणार नाही. आणि हे नुसते पन्नास-शंभर डॉलरचं रडगाणं नाही. ड्रायव्हरला दिवसात जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं आणि ते ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत, दारात उभं राहिलं तरी ते १४ तासांचं घड्याळ बहुतेक वेळा पळतच असतं, म्हणजे आजचा खोळंबा उद्याचा लोड पण खातो. अमेरिकन वाहतूक खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने २०१८ च्या अहवालात अंदाज दिला होता की या खोळंब्यामुळे पूर्ण ट्रकलोडची भाड्याने वाहतूक करणाऱ्या ड्रायव्हरांची कमाई वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलरने कमी होते.

याच जातीचे बाकीचे वाद पटकन. ट्रक पोचला आणि लोडच कॅन्सल झाला तर ट्रक ऑर्डर नॉट यूज्डचे पैसे, ते पण आधी लिहिलेले हवेत. गोदामातल्या हमालांना द्यायचे लम्पर, त्याची पावती नसेल तर विसरा. लेओव्हर म्हणजे तिथेच रात्र काढावी लागली तर त्याचे पैसे, जास्तीचा स्टॉप, सगळीकडे एकच नियम, रेट बदलला की नवीन रेट कॉन मागायचा, आणि तो हातात येईपर्यंत ट्रक हलवायचा नाही. ड्रायव्हर वैतागतो, ब्रोकर घाई करतो, पण तुमच्याकडे काही जोर असेल तर तो माल ट्रकमध्ये असेपर्यंतच असतो. मात्र हा जोर म्हणजे माल अडकवून ठेवणं नव्हे हां. जुन्या लोडचे पैसे आले नाहीत म्हणून नव्या लोडचा माल देत नाही असं करणारे आहेत, आणि त्यात तुम्हीच गोत्यात येता, नुकसानभरपाई तुमच्या गळ्यात, आणि सगळ्या ब्रोकरांच्या सिस्टीममध्ये तुमच्या नावापुढे लाल शेरा.

कपातीचं प्रकरण जरा वेगळं. उशिराचा दंड, ट्रॅकिंग ॲप बंद असल्याचा दंड, हे करारात लिहिलेलं असेल तर ब्रोकर कापणारच. मोठी कपात येते माल खराब झाला की. रीफर म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या ट्रकमध्ये तापमान चढलं, सील तुटलेलं सापडलं, चार पॅलेट कमी निघाले, की ब्रोकर म्हणतो क्लेमचा निकाल लागेपर्यंत तुमचं बिल थांबवलं. कधी कधी त्या लोडचंच नाही तर त्याच ब्रोकरसोबत केलेल्या बाकी चार लोडचं पण. हे चालतं का? करारात सेट-ऑफची, म्हणजे एका लोडचं नुकसान दुसऱ्या बिलातून वळतं करून घ्यायची परवानगी दिली असेल तर चालतं, नसेल तर वादाला जागा आहे. मालाच्या नुकसानीचा कायदा १९०६ सालचा आहे, कारमॅक अमेंडमेंट, त्यात कॅरियरची जबाबदारी बऱ्यापैकी कडक आहे, पण क्लेमची पद्धतही ठरलेली आहे. क्लेम लेखी हवा, कुठला लोड ते कळायला हवं आणि रक्कम हवी, नुसतं "रिसीव्हर नाराज आहे" याला क्लेम म्हणत नाहीत. कॅरियरने त्याची पोच ३० दिवसांत आणि उत्तर १२० दिवसांत द्यायचं असतं. म्हणून कुणी तोंडी क्लेम सांगून पैसे थांबवले तर पहिला प्रश्न मेलवर विचारायचा, रीतसर क्लेम पाठवा, फोटो पाठवा, मालाचं बिल पाठवा. निम्मे क्लेम तिथेच गार पडतात असं लोक सांगतात, तो आकडा सोडून द्या पण मुद्दा बरोबर आहे.

मग येतो तो प्रश्न जो प्रत्येक ट्रकवाल्याच्या पोटात असतो, शिपरने ब्रोकरला नक्की दिले किती? कायद्याने हे बघायचा हक्क आहे, आणि तो नवीन नाही. फेडरल नियमावलीतल्या कलम ३७१.३ प्रमाणे ब्रोकरने प्रत्येक व्यवहाराची नोंद तीन वर्षं ठेवायची आणि व्यवहारातल्या कुठल्याही पक्षाला ती बघता आली पाहिजे. प्रत्यक्षात काय होतं, तर त्या सेटअप पॅकेटमध्येच एक ओळ असते की कॅरियर हा हक्क सोडतोय, आणि आपण सही ठोकलेली असते. किंवा ब्रोकर म्हणतो आमच्या ऑफिसात येऊन बघा, सोमवार ते शुक्रवार, ऑफिस दोन हजार मैल लांब. २०२० च्या मे महिन्यात रेट गाळात गेले होते तेव्हा ट्रकवाल्यांनी वॉशिंग्टनमध्ये कॉन्स्टिट्यूशन ॲव्हेन्यूवर ट्रक लावून आंदोलन केलं, त्यात ही पारदर्शकता मोठी मागणी होती. त्याच सुमाराला एफएमसीएसएकडे अर्ज गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एजन्सीने नियमाचा मसुदा काढला की मागितल्यावर ४८ तासांत इलेक्ट्रॉनिक नोंद द्यायची. ब्रोकरांच्या संघटनेचा याला विरोध आहे, त्यांचं म्हणणं की ठरलेला रेट ठरलेला, माझा नफा किती हे तुला कशाला. मला अर्धवट पटतं ते. रेट ठरवताना तो प्रश्न गैरलागू आहे, पण ब्रोकर जेव्हा म्हणतो "शिपरने डिटेन्शन दिलंच नाही" किंवा "शिपरने माझ्याकडून हजार कापले", तेव्हा ती नोंद बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा कसा?

आता चोर. सगळ्यात मोठा प्रकार डबल ब्रोकरिंग. खरा ब्रोकर लोड देतो कॅरियर अ ला. हा अ म्हणजे फक्त एक एमसी नंबर, म्हणजे सरकारी परवान्याचा नंबर, कधी विकत घेतलेला, कधी दुसऱ्याचा चोरलेला, ईमेलमध्ये एका अक्षराचा फरक. तो ट्रक पाठवत नाही, तोच लोड स्वतः ब्रोकर असल्याच्या थाटात लोडबोर्डवर (लोडच्या जाहिराती लागतात त्या साइटवर) टाकतो, आणि रेट खऱ्यापेक्षा चांगला लावतो, कारण त्याला ते पैसे द्यायचेच नाहीयेत. तुमचा प्रामाणिक ट्रक तो उचलतो, पोचवतो. खरा ब्रोकर अ ला पैसे देतो, अ गायब. तुम्ही शोधत शोधत खऱ्या ब्रोकरकडे जाता तर तो म्हणतो मी एकदा दिलेत आणि तुमच्याशी माझा करारच नाही. दोघंही खरं बोलताय आणि पैसे तिसऱ्याने नेलेत. कायद्यात बिनपरवाना ब्रोकरिंगला प्रत्येक उल्लंघनाला १०,००० डॉलरपर्यंत दंड आहे, शिवाय ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागता येते, पण ज्याचं नाव-पत्ताच खोटा त्याच्यावर केस करणार कशी. इथे बचाव पिकअपच्या वेळीच. बिल ऑफ लेडिंगवर ब्रोकर किंवा कॅरियर म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव दिसलं, किंवा गेटवर "अमुक कंपनीचा ट्रक म्हणून सांग" असं सांगितलं गेलं, की थांबायचं. एफएमसीएसएच्या साइटवर ब्रोकरचा एमसी नंबर टाका, तिथे नोंदवलेला फोन असतो त्यावर फोन करा, मेलमध्ये आलेल्या नंबरवर नाही.

लोक म्हणतात पण ब्रोकरचा बॉण्ड असतो ना, म्हणजे त्याने पैसे बुडवले तर भरपाईसाठी ठेवलेली हमीची रक्कम. असतो, ७५,००० डॉलरचा, बीएमसी-८४ नावाचा शुअरिटी बॉण्ड किंवा बीएमसी-८५ नावाचा ट्रस्ट. आधी तो १०,०००च होता, २०१२ च्या कायद्याने वाढवला आणि १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झाला. आता हे नीट समजून घ्या, हा बॉण्ड तुमच्या लोडमागे नाही, त्या ब्रोकरच्या सगळ्या लोडमागे मिळून एकच. ब्रोकर बुडाला आणि सगळ्या कॅरियरचे मिळून सहा लाख डॉलर थकलेत असं धरा. ७५,००० भागिले ६,००,०००, म्हणजे डॉलरमागे साडेबारा सेंट. तुमच्या दोन हजारांचे येणार २५०. लायसन्स गेल्याची नोटीस निघाली की ६० दिवस क्लेम मागवले जातात आणि मग आलेल्यांत प्रमाणात वाटप, त्यामुळे "बघू, देईल पुढच्या महिन्यात" म्हणत बसलेला माणूस बाहेरच राहतो. ब्रोकर चालू असेल पण तुमच्याशी वाद घालत असेल तर बॉण्ड कंपनी बहुतेक वेळा मध्ये पडत नाही, म्हणते आधी कोर्टाचा निकाल आणा. एक सुधारणा झाली, नोव्हेंबर २०२३ च्या नियमाने असं ठरलं की बॉण्डची शिल्लक ७५,००० च्या खाली गेली आणि ठरलेल्या मुदतीत भरली नाही तर ब्रोकरचं लायसन्स लगेच निलंबित, आणि ट्रस्टमध्ये ज्या गोष्टी पटकन रोख होतात त्याच ठेवायच्या. यातल्या मुख्य तरतुदींची मुदत पुढे ढकलत १६ जानेवारी २०२६ वर गेली. चांगलंय, पण भागाकार तोच राहतो.

बॉण्डपेक्षा कधी कधी शिपरचा दरवाजा जास्त कामाचा. शिपरने ब्रोकरला पैसे देऊन टाकले असले तरी काही केसमध्ये कोर्टाने त्याला कॅरियरला पुन्हा द्यायला लावलंय, २००८ सालचा ओक हार्बर विरुद्ध सिअर्स हा नवव्या सर्किटचा (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या फेडरल अपील कोर्टाचा) निकाल त्यासाठी सारखा सांगितला जातो. पण हे दर वेळी जमत नाही, बिल ऑफ लेडिंगवर काय लिहिलंय, प्रीपेड (म्हणजे भाडं शिपरने द्यायचं) आहे का, आणि तुम्ही ब्रोकरशी केलेल्या करारात शिपरकडे जाणार नाही असं कबूल केलंय का, यावर सगळं अवलंबून. तसं कबूल केलेलं असतंच जवळजवळ सगळीकडे. तरी ब्रोकरला अंतिम मेल लिहिताना पुढची पायरी शिपर आणि बॉण्ड कंपनी आहे हे नमूद केलं की बरेच झोपलेले अकाउंट्स विभाग जागे होतात, कारण ब्रोकरला शिपर गमवायची भीती कोर्टापेक्षा जास्त असते.

प्रत्यक्षात करायचं काय, तर ३१ व्या दिवशी मेल, फोन नाही. सोबत रेट कॉन, सही असलेलं बिल ऑफ लेडिंग आणि इन्व्हॉइस, तिन्ही एका मेलमध्ये, म्हणजे "पेपर मिळाले नाहीत" हे कारण संपतं. आठवडाभर वाट बघून अंतिम मागणी, तारीख टाकून. तरी नाही तर एफएमसीएसएच्या साइटवरून ब्रोकरची बॉण्ड कंपनी शोधून तिथे लेखी क्लेम. एजन्सीकडे तक्रार पण करा, पैसे येणार नाहीत पण नोंद राहते. बिल फॅक्टरला विकलं असेल तर हे सगळं आधी त्याला विचारून, कारण ते पैसे आता त्याचे आहेत. रक्कम छोटी असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्ट, त्याची मर्यादा राज्याराज्यात वेगळी, टेक्सासमध्ये २०,००० डॉलरपर्यंत, वकील लागतोच असं नाही, पण करारात कोर्ट ब्रोकरच्या राज्यात लिहिलेलं असेल तर तिकडे जावं लागेल आणि दोन हजारांसाठी ते परवडतं का हे ज्याचं त्याने बघावं. मोठी रक्कम असेल तर वकील लवकर गाठा, कारण वाहतुकीच्या भाड्यासाठी कॅरियरने दावा लावायची फेडरल मुदत १८ महिन्यांची आहे आणि ती मोजतात डिलिव्हरीपासून, ब्रोकरने शेवटचं आश्वासन दिलं त्या दिवसापासून नाही.